दोन स्टेशनांची शेवंती

"अहो, अहो! सांडेल ना ते!"

मी शेवंतीची कुंडी उलटी धरली होती. रोपाचा बुंधा दोन बोटांच्या मध्ये, तळहात मातीवर टेकवलेला, आणि दुसऱ्या हाताने कुंडीच्या काठावर एक हलकी चापट. मातीचा अख्खा गोळा अलगद बाहेर आला. बाहेरून पांढऱ्याशुभ्र मुळांची जाळी. मी तो गोळा नाकाजवळ नेला, तसा मागचा आवाज आणखी घाबरला.

"हे काय करताय?"

"कुजका वास येतो का बघतेय," मी म्हणाले. "मुळं पांढरी हवीत. तपकिरी आणि गिळगिळीत असली तर रोप वरून कितीही छान दिसू दे, घ्यायचं नाही."

गोळा परत कुंडीत बसवून मी वळून पाहिलं. पंचविशीतला मुलगा, पांढरी पँट, शर्टावर रेल्वेचा बिल्ला, दोन्ही हातांत पिवळ्याधमक फुलांनी भरलेल्या दोन कुंड्या.

"मी निकम," तो म्हणाला. "काळगाव रोडचा असिस्टंट स्टेशन मास्तर. आमच्या साहेबांनी शेवंती आणायला पाठवलंय."

हातातली कुंडी माझ्या पायावरच पडता पडता राहिली.

ज्याच्याशी पुढे माझं लग्न झालं तो हा निकम नव्हे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणारा उगाच वाट बघत बसेल.

आमचं तांबवडी आणि यांचं काळगाव रोड ही लोणंदच्या खालची लागोपाठची दोन स्टेशनं. दिवाळी झाली की मोठे साहेब इन्स्पेक्शनला यायचे आणि या लाइनवरच्या सगळ्यांत सुंदर बागेला ढाल द्यायचे. मला कळायला लागल्यापासून ती ढाल काळगाव रोडच्या भिंतीवरून हललेली नव्हती. माझे वडील, अण्णा, तांबवडीचे स्टेशन मास्तर. डिसेंबरअखेर रिटायर होणार होते. ढाल हवी, असं त्यांनी कधी तोंडाने म्हटलं नाही. ती यंदाही काळगावलाच गेली असं कळलं की ते "बरं" म्हणायचे आणि बाहेर जाऊन झाडांना पाणी घालत राहायचे. त्या पाणी घालण्याकडे आईला आणि मला बघवत नसे.

म्हणून त्या वर्षी मी ठरवलं होतं की बाग मी करणार. नुकतीच बॉटनी घेऊन बी. एस्सी. झाले होते, घरात माझ्या लग्नाच्या गोष्टी चालू होत्या आणि मला त्या सोडून दुसरं काहीतरी हवं होतं. स्टेशनच्या नावाच्या पाटीभोवती रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरांच्या पायऱ्या रचायच्या आणि त्यांवर खालपासून वरपर्यंत नुसती शेवंती. इन्स्पेक्शनला आठ-नऊ दिवस होते. मी सकाळच्या गाडीने लोणंदला आले ती थेट बागवान चाचींच्या नर्सरीत.

चाची दारात खाटेवर बसून पान लावत होत्या. मी आणि निकम दोघं एकाच वाफ्याकडे बघतोय हे त्यांना केव्हाच दिसलं होतं.

"मागचा वाफा कालच साताऱ्याला गेला," त्या म्हणाल्या. "आता राहिलाय तो एवढाच. दोन्ही टेशनवाल्यांनी आपसात ठरवा. माझ्यापुढं भांडण आणायचं नाही. दुपारच्या पॅसेंजरला बैलगाडी सुटंल, तोवर काय ते उरका."

निकमने मान डोलावली आणि तो कामाला लागला. त्याचं काम म्हणजे, जी कुंडी जास्तीत जास्त फुललेली ती उचलायची. पिवळी, पांढरी, विटकरी. बघता बघता त्याच्यापुढे फुलांचा ढीग झाला. बाजारातून येणारी-जाणारी माणसं कुंपणापाशी थांबून त्याच्या कुंड्या बघू लागली. माझ्यापुढे मात्र नुसत्या हिरव्या, घट्ट कळ्यांच्या कुंड्या.

मी गप्प होते. त्याने उचललेली फुलं आठ-नऊ दिवसांनी कशी दिसतील हे मला दिसत होतं: पाकळ्यांच्या कडा करपलेल्या, मधला गोल काळपट, माना खाली. साहेब काळगावला उतरतील, बघतील आणि पुढे जातील. मला काही करावंही लागणार नव्हतं. फक्त गप्प राहायचं होतं.

मग त्याने एक पांढरी कुंडी उचलली. भरगच्च फुललेली. तिच्या पानांखाली माव्याची कीड इतकी दाटली होती की मला चार हातांवरून दिसत होती. ती त्याने इतर कुंड्यांच्या अगदी मधोमध ठेवली आणि कौतुकाने मागे सरून पाहिलं.

माझ्याने राहवलं नाही. "ती काढा तिथून!"

"का?"

"पान उलटून बघा."

त्याने पान उलटलं. "हे काय, धूळ?"

"धूळ हलते का? नीट बघा."

त्याने डोळे बारीक केले आणि एकदम हात झटकला. मी हसले, आणि एकदा हसले म्हटल्यावर गप्प बसणं मला जमेना.

"तुम्ही फुलं निवडताय," मी म्हणाले. "रोप निवडा. फूल उमललं म्हणजे त्याचे दिवस भरत आले. तुम्हाला फूल आज नकोय, साहेब येतील त्या दिवशी हवंय."

तो आपल्या ढिगाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे.

"तुम्ही तांबवडीच्या ना?"

"हो."

"मग मला हे सांगताय कशाला?"

मी म्हटलं, "वेळ जातोय. ठेवा त्या परत आणि या इकडे."

त्यानंतरच्या दोन तासांसारखी मजा मला आयुष्यात फार थोड्या वेळा आली असेल. वाफ्याच्या एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला मी. सुरुवातीला तो प्रत्येक कुंडी घेऊन धावत यायचा. "ही?" "खालची पानं पिवळी पडलीत, नको." "ही?" "नुसती उंच झालीय, फुटवे कुठायत? बुटकी आणि पसरलेली बघा." "ही?" "कळ्या मोजू नका, दाबून बघा. घट्ट आहेत ना? टोकाला थोडा रंग दिसतोय? मग घ्या." थोड्या वेळाने तो नुसता लांबून कुंडी उंच धरायचा आणि मी मान हलवायचे. आणि मग तर तो विचारायचाही थांबला. पानं उलटायचा, बुंधा हलवून बघायचा, वास घ्यायचा आणि स्वतःशीच "नाही, नाही" म्हणत पुढे सरकायचा. एकदा त्याने हाक मारली, "अहो, ही बघा, ही!" मी धावत गेले. ठेंगणी, गोल, सगळीकडून कळ्यांनी लगडलेली, बोटभर जाड बुंध्याची. आम्ही दोघंही तिच्याकडे बघत नुसते उभे राहिलो.

"ही कुणाची?" तो हळूच म्हणाला.

तिथेच खरी अडचण होती. रोगट, फुललेल्या, उंचाड्या बाजूला काढल्यावर वाफ्यात चांगल्या कुंड्या राहिल्या त्या एका स्टेशनला भरपूर होत्या. दोघांत वाटल्या तर दोन्हीकडे जेमतेम.

"मी दोन भाग करते," मी म्हणाले. "तुम्ही हवा तो उचला."

मी चांगल्यासमोर चांगली, मध्यमसमोर मध्यम अशा दोन रांगा लावल्या. ती बोटभर बुंध्याची एकीकडे गेली म्हणून दुसरीकडे दोन बऱ्यापैकी जास्त दिल्या. निकम दोन्ही रांगांच्या मधून दोनदा फिरला.

"यातली चांगली कुठली?"

"मला सांगता आलं असतं तर वाटणी चुकली असती."

तो हसला आणि डावीकडची घेतली. खाटेवरून चाची म्हणाल्या, "मी म्हटलं आता डोकी फुटतील. तुम्ही तर माझा वाफा चाळून काढला की रे! आता हा गाळ मी कुणाच्या गळ्यात मारू?" पण त्या हसत होत्या, आणि बैलगाडीत कुंड्यांमध्ये पेंढा भरायला स्वतः उठल्या.

पॅसेंजर आली. मालाचा डबा कांद्याच्या पोत्यांनी छपरापर्यंत भरलेला. गार्ड फर्नांडिस दारात हात आडवा लावून उभे.

"कुठं ठेवू? माझ्या डोक्यावर?"

"साहेब, इन्स्पेक्शनच्या कुंड्या आहेत," निकम काकुळतीला आला.

"मग इन्स्पेक्शनला सांगा डबा पाठवायला."

बाजारचा दिवस होता. प्रवाशांचे डबेही माणसांनी भरलेले. मी एका खिडकीपाशी कुंडी घेऊन उभी होते. आत बसलेल्या एका म्हातारीने माझ्याकडे बघितलं आणि हात बाहेर काढले.

"दे हिकडं पोरी. मांडी रिकामीच हाय की माझी."

तिने घेतली म्हणून शेजारणीने घेतली. मग समोरच्याने. मग पलीकडच्या खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "आमाला न्हाई व्हय?" आम्ही दोघं धावत सुटलो. निकम डब्याच्या पुढच्या अर्ध्यात आपल्या कुंड्या देत होता, मी मागच्या अर्ध्यात आमच्या. शिट्टी झाली तेव्हा शेवटची कुंडी मी स्वतःच्या कडेवर घेऊन पायरीवर चढले.

तो डबा मला अजून दिसतो. प्रत्येक मांडीवर शेवंती. पटका बांधलेले एक आजोबा दोन्ही गुडघ्यांवर एकेक कुंडी तोलून ताठ बसलेले. एक नवी नवरी शालूच्या पदराने कुंडीला वारा लागू न देण्याच्या खटपटीत. "ह्यो कुठला द्येव बसवताय?" कुणीतरी विचारलं. "स्टेशनचा," निकम म्हणाला आणि सगळे हसले. कोणाच्या तरी करडाने एका कुंडीच्या चार कळ्या खुडल्या, तर अख्खा डबा त्याच्यावर खेकसला. जो तो आपली कुंडी उचलून शेजाऱ्याला दाखवत होता, माझी बघा, माझीला जास्त कळ्या. मधल्या हॉल्टला माणसं उतरली, चढली, सरकली. उतरणाऱ्याने आपली कुंडी चढणाऱ्याच्या हातात दिली. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

तांबवडीला गाडी थांबते दोन मिनिटं. प्लॅटफॉर्मवर अण्णा पांढऱ्या गणवेशात, काखेत दोन झेंड्या, एक हिरवी, एक लाल. त्यांच्यामागे आमचा पॉइंट्समन सोनबा. मी उतरून ओरडले, "कुंड्या घ्या!" आणि सगळ्या खिडक्यांतून एकदम हात बाहेर आले.

"घ्या, घ्या! गाडी सुटंल!"

"आजोबांची राहिली, आजोबांची घ्या!"

सोनबा घेत होता, मी घेत होते, प्लॅटफॉर्मवरची चार माणसं मदतीला धावली. कुंड्या येत होत्या, येतच होत्या. प्लॅटफॉर्म भरून गेला. अण्णा बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं.

"एवढ्या आणल्यास?" ते म्हणाले.

गार्डने शिट्टी वाजवली, हिरवी झेंडी दाखवली. गाडी हलली. आणि पुढच्या दारात निकम दिसला, एका हाताने दांडा धरलेला, दुसरा हात हवेत.

"माझ्या! माझ्या पण उतरल्या!"

मी प्लॅटफॉर्मकडे पाहिलं. काळगाव रोडची सगळी शेवंती तांबवडीला उतरली होती. कुणाचीच चूक नव्हती. माणसांनी बिचाऱ्यांनी मांडीवरचं ओझं जपून आणलं होतं आणि पहिलं बागेचं स्टेशन आलं तिथे दिलं होतं. दोन्ही वाटण्या आमच्या दारात. गाडी गेली की पुढची दुसऱ्या दिवशी, आणि काळगावच्या साहेबांनी काय मागवलं होतं, काय आलं, हे त्यांचं त्यांनी बघावं. माझ्या मनात हे सगळं एका क्षणात येऊन गेलं. अण्णांचं ते हसूही माझ्यासमोरच होतं. उद्याच्या गाडीने पाठवू म्हटलं तर त्या आमच्याकडेच राहतील, हेही मला कळत होतं.

"अण्णा!" मी ओरडले. "गाडी थांबवा! निम्म्या काळगाव रोडच्या आहेत!"

इतक्या वर्षांच्या नोकरीत अण्णांच्या हातून एकही गाडी अडलेली नव्हती. ते स्वतः कधी सांगायचे नाहीत, पण सोनबा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. कुंड्यांकडे पाहिलं. मग काखेतली लाल झेंडी काढली आणि हात लांब करून उघडली.

गाडी धक्के खात थांबली. फर्नांडिस पळत आले.

"मास्तर, काय झालं? रुळावर काय आहे?"

"रुळावर काही नाही. काळगावचा माल चुकून इथं उतरलाय. तो चढेपर्यंत गाडी जाणार नाही."

"आणि उशिराचं कारण काय देऊ?"

"जे झालं ते द्या."

मग जे झालं ते काय सांगू! अर्धी गाडी खाली उतरली. निकम उडी मारून धावत आला, पण कुंड्यांपाशी येऊन थबकला. कुठली कुणाची? सगळ्या एकमेकींत मिसळलेल्या.

"कुठल्याही द्या!" तो म्हणाला.

"कुठल्याही नाही," मी म्हणाले.

मी गुडघ्यांवर बसले. दोन हातांत दोन कुंड्या. पान, बुंधा, कळी. जोडीला जोडी लागली की एक गाडीत, एक प्लॅटफॉर्मवर. "ही तुमची. ही आमची. थांबा, ही नको, तिच्याऐवजी ही. ही तुमची." इंजिन शिट्ट्या मारत होतं, फर्नांडिस घड्याळ दाखवत होते, खिडक्यांतून माणसं ओरडत होती, "ताई, उरका!" पण माझे हात आपल्याच चालीने चालत होते. बायका रांग करून कुंड्या हातोहात पुढे देत होत्या. ती बोटभर बुंध्याची हाताला लागली तेव्हा मी क्षणभर थांबले. वाटणीत ती निकमकडे गेली होती. "तुमची," मी म्हणाले.

शेवटची कुंडी चढली. अण्णांनी हिरवी झेंडी दाखवली. पाव तास उशिराने पॅसेंजर निघाली आणि अख्ख्या डब्याने टाळ्या वाजवल्या.

इन्स्पेक्शनच्या सकाळी आमची पाटी मी स्वतः ओळखली नसती. पायऱ्यांवरून शेवंती खाली ओघळत होती, पांढरी, पिवळी, विटकरी, सगळी एकाच वेळी उमललेली. साहेब डब्यातून उतरले आणि पहिल्यांदा तिथेच थांबले. मी सोनबाच्या मागे उभी होते. साहेबांनी बाग पाहिली, ऑफिस पाहिलं, चहा घेतला. मग विचारलं, "भोईटे, गेल्या आठवड्यात पॅसेंजर पाव तास अडवलीत. कारण?"

"शेवंती, साहेब."

"काय?"

अण्णांनी सगळं सांगितलं. साहेब हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. "रिटायर व्हायला दोन महिने राहिले, आणि आत्ता?" एवढंच म्हणाले. लेखी ताकीद मिळेल असं सांगून ते गाडीत चढले. चढताना म्हणाले, "बाग मात्र सुंदर आहे."

दुपारी कळलं. ढाल काळगाव रोडला.

संध्याकाळी मी ऑफिसात गेले तेव्हा अण्णा टेबलाशी बसले होते. आई चहा घेऊन आली होती.

"वाईट वाटलं?" मी विचारलं.

"ढालीचं? थोडं वाटलं."

"आणि ताकीद?"

"ती येऊ दे. फ्रेम करून लावीन." ते बशीत चहा ओतत म्हणाले. "तू ओरडली नसतीस तर मी गाडी सोडली असती गं. मला कुठं माहीत होतं कुणाच्या कुंड्या! आणि नंतर कळल्यावर मला रोज त्या बागेकडे बघावं लागलं असतं."

मी जे बोलायला आले होते ते आठवडाभर माझ्या मनात घोळत होतं. ती लाल झेंडी उघडल्यापासून.

"अण्णा, मला परीक्षा द्यायचीय."

"कसली?"

"तुमचीच. स्टेशन मास्तरची."

आईच्या हातातली किटली टेबलावर टेकली.

"रात्रपाळी असते," अण्णा म्हणाले.

"चालेल."

"कुठल्याही आडगावी टाकतात. पुरुष माणसं रडकुंडीला येतात."

"चालेल."

"आणि लग्न?" आई म्हणाली.

"लग्नही करीन की!"

अण्णांनी चहा संपवला. बशी खाली ठेवली, चष्मा काढून पुसला, परत घातला. मग म्हणाले, "त्या दिवशी गाडी शिट्ट्या मारत होती, सगळे तुझ्या नावाने ओरडत होते. मी बघत होतो. तू एकही कुंडी घाईने टाकली नाहीस."

तेवढ्यात शेजारच्या स्टेशनचा फोन खणखणला. मालगाडी सोडण्यासाठी काळगाव रोड लाइन मोकळी आहे का विचारणार होतं. अण्णांचा हात सवयीने फोनकडे गेला आणि मध्येच थांबला. त्यांनी खुर्ची थोडी बाजूला सरकवली.

"उचल," ते म्हणाले. "बाकीचं मी बघतो. आधी स्टेशनचं नाव सांगायचं. स्पष्ट."

पुढे कितीतरी स्टेशनांची नावं घेऊन मी ते वाक्य हजारो वेळा म्हटलं, रिटायर होईपर्यंत. पण त्या संध्याकाळी ते पहिल्यांदा म्हणायचं होतं. मी फोन कानाला लावला. पलीकडून निकमचा आवाज आला, "हॅलो, काळगाव रोड."

"तांबवडी बोलतेय," मी म्हणाले.